तोतयांचा तगादा

कर्ज आणि तगादा हे दोन शब्द आमच्या भागात पिढ्यानपिढ्या एकमेकांची सोबत करीत आले आहेत. भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर वसलेल्या लाखनीत आणि तिच्या भोवतालच्या गावांत, जेथे शेतकऱ्याचे वर्ष पऱ्ह्यांपासून सुरू होऊन रोवणी, निंदण, कापणी आणि मळणी अशा टप्प्यांनी पुढे सरकते आणि पैसा हाती येतो तो धान विकले गेल्यावरच, तेथे हंगामाच्या आरंभी उचल करावी आणि अखेरीस फेड करावी, हा व्यवहार ऋतुचक्राइतकाच स्वाभाविक मानला गेला. पूर्वी सावकाराकडून सवाई-दिढीने धान आणले जाई. पुढे सेवा सहकारी संस्था आल्या, जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आली, त्यानंतर महिलांचे बचत गट आणि त्यांच्या मागोमाग हप्तेबंदीने कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्या आल्या, आणि शेवटी मोबाइलच्या पडद्यावर पाच मिनिटांत रक्कम देऊ करणारी ॲप्स आली. धनको बदलत गेले. परंतु तगाद्याला येणारा मनुष्य बहुधा ओळखीचा असे, त्याचे गाव ठाऊक असे, आणि तो कितीही कठोर बोलला तरी ज्या कर्जाबद्दल तो बोलत असे ते कर्ज खरोखरच घेतलेले असे. आता तगादा फोनवरून येतो, आणि अनेकदा तो करणाऱ्या इसमाचा त्या कर्जाशी, किंबहुना कोणत्याही खऱ्या कर्जाशी, काडीचाही संबंध नसतो. या तोतया तगाद्याची जातकुळी कोणती, तो ओळखावा कसा आणि आला असता करावे काय, याचा एकत्र विचार होणे मला अगत्याचे वाटते. कारण त्याची झळ लागलेली माणसे लाजेमुळे त्याविषयी बोलत नाहीत.

गेल्या मळणीच्या दिवसांतली गोष्ट सांगतो. रात्रीचे साडेआठ वाजले असतील. आमच्या शेजारची बाई, जिचा नवरा त्या वेळी खळ्यावर होता, हातातला फोन पदराआड धरून आमच्या ओसरीवर आली आणि कुजबुजत म्हणाली, "पाहा न जी गुरुजी, हा मानूस उद्या सकाळी पोलीस पाठवतो म्हणते." फोन अजून चालूच होता. पलीकडचा मनुष्य हिंदीत बोलत होता, आणि त्याच्या मागे आणखी दोन-तीन आवाज एखाद्या गजबजलेल्या कचेरीत ऐकू यावेत तसे ऐकू येत होते. गटाच्या कर्जापैकी अठरा हजार चारशे रुपये बाकी आहेत, प्रकरण न्यायालयात गेले आहे, परंतु आत्ता साडेसहा हजार भरल्यास 'सेटलमेंट' करून देतो, असे त्याचे म्हणणे. त्याला बाईचे पूर्ण नाव ठाऊक होते, गाव ठाऊक होते, आधार क्रमांकाचे शेवटचे चार आकडेही ठाऊक होते. आणि त्याने व्हॉट्सॲपवर एक कागद पाठविला होता, ज्याच्या शिरोभागी राजमुद्रा, खाली निळा शिक्का, आणि मध्ये बाईचे नाव भोवतालच्या अक्षरांहून निराळ्या आकाराच्या अक्षरांत बसविलेले होते.

मी फोन घेऊन कर्जखात्याचा क्रमांक विचारला, शाखा विचारली. उत्तर आले नाही. नोटीस टपालाने घरी पाठवा म्हटले, तर टपालाला वेळ नाही म्हणाला. उद्या अकरा वाजता शाखेत जाऊन रीतसर पावती घेऊन भरतो म्हटले, तेव्हा मात्र त्याचा स्वर एकदम चढला. गटातल्या सगळ्या बायकांना फोन करून तुमची नाचक्की करतो, असे बोलून त्याने फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी आम्ही शाखेत गेलो. कर्ज दोन वर्षांपूर्वीच पूर्ण फिटले होते. तेथील कारकुनाने दहा मिनिटांत खातेउतारा आणि बेबाकीचा दाखला काढून दिला. परतताना बाई जे बोलली ते मी विसरलेलो नाही: "मी त पूर्ण भरली होती जी, पर तो बोलला तं मलेच शंका आली."

या एका वाक्यात या फसवणुकीचे सारे मर्म सामावले आहे. अडाणी माणूस फसतो असे शहरांतून सर्रास बोलले जाते. माझा अनुभव निराळा आहे. ज्याला कर्ज बुडविण्याची सवय असते तो अशा फोनला भीक घालीत नाही. जो पै न पै फेडीत आला, ज्याला चारचौघांत 'थकबाकीदार' हा शब्द ऐकणे मरणप्राय वाटते, तोच स्वतःच्या स्मरणावर अविश्वास दाखवून घरात मळणीच्या भाड्यासाठी ठेवलेले पैसे देण्यास तयार होतो. तोतया वसुलीदार तारण मागतो ते अब्रूचे. आणि ते तारण सज्जनाजवळच असते.

तोतया हा शब्द मराठीत रुजला तो इतिहासामुळे. १७६१ च्या पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून एक मनुष्य पुढे आला, त्याने भाऊसाहेबांच्या खुणा सांगितल्या, कोकणातील किल्ल्यांपर्यंत त्याचा अंमल पोचला, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शिक्षा होईपर्यंत भल्याभल्यांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. खुणा पटल्या म्हणजे मनुष्य पटला, ही चूक तेव्हा झाली तशीच आज होते. नाव, गाव, आधाराचे आकडे, जुन्या कर्जाची रक्कम या आजच्या खुणा. त्या झेरॉक्सच्या दुकानापासून सिमकार्डाच्या अर्जापर्यंत आणि ॲपला दिलेल्या परवानगीपासून फुटलेल्या माहितीच्या साठ्यांपर्यंत अनेक ठिकाणी विखुरलेल्या असतात. एखाद्याला आपली माहिती ठाऊक आहे यावरून त्याला आपल्याकडून काही येणे आहे, असे मुळीच सिद्ध होत नाही.

या तगाद्याचे प्रकार पाहू गेल्यास पहिला आणि सर्वांत निर्भेळ प्रकार म्हणजे अस्तित्वातच नसलेल्या कर्जाचा. दुसरा, आमच्या शेजारणीच्या वाट्यास आला तो, फिटलेल्या कर्जाचा. आमच्या भागात या दुसऱ्या प्रकाराला विशेष वाव मिळण्याचे एक कारण असे की, २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना या दोन्हींच्या काळात पात्र कोण, अपात्र कोण, व्याज कोणी भरायचे, यांविषयी शेतकऱ्यांच्या मनात बराच संभ्रम होता. आणि 'तुमची कर्जमाफी नामंजूर झाली, बाकी भरा' असे कोणी सांगितले तर ते खोटे ठरविण्यास लागणारा कागद पुष्कळांच्या घरी नसतो. तिसरा प्रकार परक्याच्या कर्जाचा: चुलतभावाने, गावातल्या कोणी किंवा ज्याला आपण ओळखतही नाही अशा इसमाने कर्ज घेतले, आणि त्याच्या फोनमध्ये आपला क्रमांक सापडला, एवढ्यावरून आपल्यामागे लागणे. सहकर्जदार वा जामीनदार म्हणून ज्याने सही केलेली नाही, त्याच्यावर कायद्याने कसलीही जबाबदारी येत नाही. नातेवाइकाचे कर्ज हे केवळ नात्याने अंगावर येत नसते.

चौथा प्रकार कर्ज देणाऱ्या ॲप्सचा, आणि तो सर्वांत क्रूर. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळून आल्याचे नमूद केले की, त्या वर्षाच्या जानेवारी-फेब्रुवारीत भारतीय अँड्रॉइड वापरणाऱ्यांना उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्जविषयक ॲप्सपैकी ६०० बेकायदेशीर होती. तीन-चार हजारांचे कर्ज, त्यातील मोठा हिस्सा आधीच कापलेला, सात दिवसांची मुदत, आणि मुदत संपण्यापूर्वीच सुरू होणारा छळ: फोनमधील सर्व क्रमांकांना संदेश, छायाचित्रांत फेरफार करून ती अश्लील स्वरूपात नातेवाइकांना पाठविण्याची धमकी. २०२० च्या अखेरीस तेलंगणात या छळापायी आत्महत्या झाल्या, तेव्हा देशाचे लक्ष या प्रकाराकडे गेले. येथे कर्ज काही अंशी खरे असते, पण धनको खोटा असतो. आणि कितीही भरले तरी हिशेब संपत नाही, कारण हिशेब संपावा हा त्याचा हेतूच नसतो.

पाचवा प्रकार वेषांतराचा. वसुलीदार स्वतःला वकील म्हणवितो, न्यायालयाचा कर्मचारी म्हणवितो, पोलीस अधिकारी म्हणवितो, क्वचित लोकअदालतीचे नाव घेतो. लोकअदालतीच्या नोटिसा खऱ्याही येतात, म्हणून येथे विशेष सावधगिरी हवी. पण लोकअदालत ही तडजोडीची जागा आहे, दाखलपूर्व प्रकरणात तेथे गेलो नाही म्हणून कोणालाही अटक होत नाही, आणि तिची रक्कम कोणाच्या खासगी क्यूआर कोडवर भरली जात नाही.

हे संकट फक्त आपल्यावर आले आहे असे समजण्याचे कारण नाही. उलट, त्याचे एक मोठे केंद्र आपल्याच राज्यात होते, हे खेदाने नमूद केले पाहिजे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले, तेव्हा सातशेहून अधिक तरुण-तरुणी तेथे रात्रपाळीत काम करताना सापडल्या. त्यांचे काम अमेरिकेतील नागरिकांना फोन करून आपण तेथील करखात्याचे अधिकारी आहोत, तुमचा कर थकला आहे, आत्ता भरा अन्यथा अटक होईल, असे धमकावण्याचे होते. त्यापूर्वी २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, भारतातून फोन करवून, न घेतलेल्या वा कधीच फिटलेल्या छोट्या कर्जांपोटी पन्नास लाख डॉलरांहून अधिक रक्कम उकळल्याच्या आरोपावरून एका कंपनीविरुद्ध न्यायालयात धाव घेतली होती. अमेरिकेत १९७७ च्या कायद्याने वसुलीदारावर एक बंधन घातले आहे, ते मला फार मोलाचे वाटते: पहिल्या संपर्कापासून पाच दिवसांच्या आत कर्जाची रक्कम आणि मूळ धनकोचे नाव ऋणकोला लेखी कळविले पाहिजे. कागद आधी, पैसा नंतर, असा त्या नियमाचा आशय.

आपल्याकडेही नियमांची वाण नाही. पूर्वी हा जिल्हा मध्यप्रांतात होता. त्या प्रांतात १९३७ सालीच ऋणकोंच्या संरक्षणाचा कायदा होऊन, वसुलीसाठी ऋणकोला धमकावणे, त्याचा पाठलाग करणे, त्याच्या घराभोवती घिरट्या घालणे हा अपराध ठरला. आणि महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ यातही ऋणकोचा छळ दंडनीय आहे. बँका आणि वित्तीय कंपन्यांच्या वसुली-मुखत्यारांसंबंधी रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने बजावले की, सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीचे फोन करू नयेत, धमकी वा सार्वजनिक अवमान करू नये, कुटुंबीयांच्या आणि मित्रांच्या खासगी आयुष्यात शिरू नये. गटाच्या सूक्ष्म कर्जांसाठी ही मर्यादा त्याहून कडक, म्हणजे सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशी आहे. ॲपमार्फत दिलेल्या कर्जाची फेड थेट नोंदणीकृत कर्जदात्याच्याच खात्यात व्हावी, ॲपने फोनमधील संपर्कयादी वा छायाचित्रे पाहू नयेत, आणि वसुलीसाठी मुखत्यार नेमल्यास त्याचे नाव त्याने फोन करण्यापूर्वीच ऋणकोला कळवावे, हेही नियम आहेत. आमच्या शेजारणीला आलेला फोन रात्री साडेआठचा होता; गटाच्या कर्जाच्या नियमाप्रमाणे तो अडीच तास उशिराचा होता, आणि शंका येण्यास एवढे एकच कारण पुरेसे होते.

अटकेच्या धमकीविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वांत जास्त माणसे तेथेच कोसळतात. कर्ज न फिटणे हा आपल्या कायद्यात दिवाणी स्वरूपाचा प्रश्न आहे. धनकोने दावा लावावा लागतो, समन्स निघावे लागते, हुकूमनामा व्हावा लागतो, मग दरखास्त आणि जप्ती. आणि एवढ्यानेही ऋणको सहजासहजी कारागृहात जात नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून मनुष्याला तुरुंगात टाकता येत नाही. ऐपत असून दुष्ट हेतूने टाळाटाळ केल्याचे दिसले पाहिजे. धनादेश न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण होऊ शकते हे खरे, पण तेथेही आधी लेखी नोटीस आणि पंधरा दिवसांची मुदत आहे. पोलीस ठाणे हे वसुलीचे कार्यालय नव्हे, आणि व्हॉट्सॲपवर वॉरंट पाठवून क्यूआर कोडवर पैसे घेऊन ते रद्द करण्याची पद्धत या देशातील कोणत्याही न्यायालयात नाही.

मला या संदर्भात १८७५ चा दख्खनचा उठाव पुनःपुन्हा आठवतो. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले, कारण कागद हे सावकाराचे शस्त्र होते. न वाचता अंगठा उठविलेल्या त्या कागदाने शेतकऱ्याची जमीन जात असे. त्या उठावानंतर चौकशी होऊन १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. आज काळाने कागद ऋणकोच्या हाती दिला आहे. तोतयाजवळ आवाज आहे, घाई आहे, आपली थोडीफार माहिती आहे. त्याच्याजवळ नाही तो फक्त खरा कागद, आणि म्हणूनच तो मागितला की त्याचा स्वर चढतो. खरा धनको कागद मागितल्याने रागावत नाही आणि एक दिवसाच्या विलंबाने त्याचे काही बुडत नाही.

तेव्हा असा फोन आल्यास करावयाचे ते एवढेच की, कर्ज आहे वा नाही याविषयी होय-नाही काहीही न बोलता बोलणाऱ्याचे नाव, संस्था, शाखा आणि कर्जखात्याचा क्रमांक विचारावा, लेखी नोटीस घरच्या पत्त्यावर मागावी आणि फोन ठेवावा. त्याने दिलेल्या क्रमांकावर उलट फोन करू नये. आपल्या पासबुकावरील वा शाखेच्या फलकावरील क्रमांक वापरावा, किंवा सरळ शाखेत जावे. ओटीपी, आधाराचे छायाचित्र, फोनच्या पडद्याचा ताबा देणारे कोणतेही ॲप यांपैकी काहीही देऊ नये. १६०० ने सुरू होणारे क्रमांक बँकांच्या सेवाविषयक फोनांसाठी राखले आहेत, ही माहिती उपयोगी आहे, पण नुसत्या क्रमांकावर विसंबून पैसे भरू नयेत. आपल्या नावावर खरोखर कोणती कर्जे आहेत हे पाहण्याचा मार्गही खुला आहे: सिबिल, क्रिफ हायमार्क, एक्सपेरियन आणि इक्विफॅक्स या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण पतअहवाल विनामूल्य मिळतो.

पैसे गेलेच, तर तासाभराचाही उशीर न करता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत फिरण्यापूर्वीच ती गोठविण्याची शक्यता असते. त्याचबरोबर आपल्या बँकेला कळवावे आणि लाखनी पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. गुन्हेगार दूरच्या राज्यात बसला आहे या कारणाने फिर्याद नाकारता येत नाही. भारतीय न्याय संहितेत खंडणीसाठी कलम ३०८, तोतयेगिरीच्या फसवणुकीसाठी ३१९, धमकीसाठी ३५१ आणि लोकसेवकाचे सोंग घेण्यासाठी २०४ अशी स्पष्ट तरतूद आहे. संदेश, ध्वनिमुद्रण, क्यूआर कोडचे चित्र, यांतले काहीही रागाने वा लाजेने पुसून टाकू नये; तोच पुरावा असतो. आणि एकदा फसलेल्याला 'तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी शुल्क भरा' असा दुसरा फोन येतो, तो बहुधा त्याच टोळीचा वा तिच्या भावंडाचा असतो.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. या लेखाचा आधार घेऊन कोणी खरी नोटीस फेकून देऊ नये. कर्ज खरे असेल आणि ऐपत नसेल, तर शाखेत जाऊन मुदतवाढ वा पुनर्गठन मागावे. न्यायालयाचे समन्स आले तर हजर राहावे. सल्ला हवा असल्यास १५१०० या विधी सेवेच्या क्रमांकावर फोन करावा वा तालुका विधी सेवा समितीकडे जावे, जेथे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि मुखत्यार खरा असूनही शिवीगाळ करीत असेल, तर संस्थेकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. खऱ्या कर्जानेही माणसाची अब्रू गहाण पडत नाही.

व्यक्तीने सावध राहावे एवढे सांगून भागण्यासारखे मात्र हे नाही. बँकांनी आपल्या वसुली-मुखत्यारांची नावे संकेतस्थळावर द्यावीत असा दंडक आहे. पण खळ्यावर वा चुलीपाशी बसलेल्या बाईला रात्री साडेआठ वाजता ते संकेतस्थळ काय कामाचे? कर्ज फिटले की बेबाकीचा दाखला मागितल्यावाचून मिळत नाही, आणि तो मागायचा असतो हे सांगणारे कोणी नसते. जुन्या काळी सावकारसुद्धा हिशेब चुकता झाल्यावर फारखती लिहून देत असे. माझी लाखनी तालुक्यातील प्रत्येक बँक-शाखेला, सेवा सहकारी संस्थेला आणि फायनान्स कंपनीच्या कचेरीला विनंती आहे की, आपल्या वतीने वसुलीला येणाऱ्या माणसांची नावे आणि शाखेचा फोन क्रमांक दारावरच्या फलकावर ठळक मराठीत लिहावा, आणि शेवटचा हप्ता स्वीकारताच दाखला हाती द्यावा. गटांच्या बायकांना विनंती ही की, पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपला दाखला आणि पावत्या घेऊन याव्यात, ज्यांच्याजवळ त्या नसतील त्यांची यादी करावी, आणि त्या सर्वजणींनी मिळून त्याच आठवड्यात शाखेत जावे.